तांब्याचं छप्पर काळं-हिरवं पडलं? घासण्याआधी हे वाचा

ठाणे : ठाणे असो की डोंबिवली, देवळाच्या कळसावर किंवा बंगल्याच्या छपरावर बसवलेलं तांबं काही महिन्यांत काळपटतं. मग चिंच, लिंबू नाहीतर ठाण्याचीच 'पितांबरी' घेऊन ते घासायचं का?

रंग का बदलतो?

हवेतल्या ऑक्सिजनमुळे तांबं आधी तपकिरी होतं. धुरातल्या गंधकाच्या वायूंनी काळवंडतं. पुढे बऱ्याच वर्षांनी हिरवा थर चढतो. लोखंडाच्या गंजासारखा तो पत्रा खात नाही, उलट आतल्या धातूचं रक्षण करतो. न्यूयॉर्कचा १८८६चा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्यामुळेच हिरवा आहे. त्याचा पत्रा आहे जेमतेम २.४ मिलिमीटर!

घासलं तर?

चिंचेतलं आम्ल हा थर विरघळवतं. घासताना थोडं तांबंही झिजतं आणि उघडा पडलेला पत्रा पुन्हा काळवंडतो. पूजेच्या भांड्यांना हे चालतं, छपराला नाही.

मग काय कराल?

• पावसाळ्याआधी साचलेला पाला काढा, साध्या पाण्याने धुवा.
• लोखंडी खिळे, स्क्रू वापरू नका. तांब्याला लागून ते लवकर गंजतात.
• तांब्यावरून ओघळणारं पाणी जस्ताच्या पत्र्यावर पडू देऊ नका. तो पत्रा लवकर खराब होतो.
• चकाकी हवीच असेल तर पत्रा नवा असतानाच पारदर्शक लॅकर द्या. काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो.