'वय झालंय' म्हणण्याआधी

'वय झालंय हो आता त्याचं.' जनावरांचा डॉक्टर म्हणून हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. कुत्रा जिना चढत नाही, वय झालंय. मांजर दिवसभर झोपून असतं, वय झालंय. तोंडाला वास येतो, पाणी फार लागतं, रात्री उठून घरभर फिरतो. सगळ्याला उत्तर एकच. आज मला या वाक्याविषयीच बोलायचं आहे. कारण एकदा ते मी स्वतःही म्हटलेलं आहे.

माझी आई तेव्हा कऱ्हाडला राहत होती. तिच्याकडे राणी नावाची पांढरी पॉमेरेनियन कुत्री होती, दहा वर्षांची. वडील गेल्यानंतर घरात त्या दोघीच. एका एप्रिलमध्ये आईचा फोन आला. म्हणाली, 'अरे, राणी हल्ली पाणी फार पितेय. भांडं दिवसातून तीनदा भरावं लागतं. आणि खाण्यावर मन नाही तिचं.' मी पुण्याला दवाखान्यात होतो, समोर माणसं खोळंबली होती. म्हटलं, 'आई, उन्हाळा आहे. आणि वय झालंय तिचं.' सहाव्या दिवशी पुन्हा फोन आला. राणी जागची उठत नव्हती.

रात्रीच गेलो आणि तिला गाडीत घालून पुण्याला आणलं. तिच्या गर्भाशयात पू भरला होता. याला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न केलेल्या, वय वाढलेल्या कुत्रीला हा आजार माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत होऊ शकतो. खूप पाणी पिणं, अन्न टाकणं, मलूल होणं आणि कधीकधी मागच्या बाजूनं घाण स्राव येणं ही त्याची लक्षणं. वेळेवर गर्भाशय काढलं तर बहुतेक कुत्र्या बऱ्या होतात. राणीची शस्त्रक्रिया मी पहाटेच केली, पण विष अंगात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. आईनं मला बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, 'मी सांगितलं होतं रे तुला.'

हीच तक्रार घेऊन दुसरं कुणी आलं असतं, तर 'ती माजावर कधी आली होती?' हा माझा पहिला प्रश्न असता. आईला मी तो विचारला नाही.

वय वाढणं हा रोग नव्हे. वयाबरोबर रोग येतात, आणि त्यातले बरेचसे बरे होतात किंवा काबूत ठेवता येतात. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब मात्र बरोबर नाही. पहिल्या दोन वर्षांतच कुत्रं किंवा मांजर माणसाच्या साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत पोहोचतं. पुढे मांजराचं एक वर्ष आपल्या चार वर्षांएवढं धरतात. म्हणजे पंधरा वर्षांचं मांजर आपल्या पंचाहत्तरीच्या आजींच्या वयाचं. कुत्र्यांत आकारावर बरंच अवलंबून असतं. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षी म्हातारा होतो, लॅब्रेडॉर आठव्या वर्षाच्या सुमारास, आणि छोटा पॉमेरेनियन दहाव्या वर्षीही अंगणात धावत असतो. तुमच्या जनावरानं हे वय गाठलं की चार गोष्टींवर नजर ठेवा. त्यासाठी मोजपात्र, वजनकाटा, घड्याळ आणि आपले डोळे एवढंच लागतं.

पहिली गोष्ट पाणी. सकाळी मोजून पाणी ठेवा, दिवसभरात किती भर घातली ते लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजा. कुत्रा चोवीस तासांत दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, म्हणजे ३० किलोचा लॅब्रेडॉर तीन लिटरच्या वर जात असेल, तर ते नुसत्या तहानेचं नाही. मांजर मुळातच कमी पाणी पितं. चार किलोचं मांजर रोज २०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ लागलं तर दाखवून घ्या. उन्हाळ्यात आणि कोरडं खाणं खाणाऱ्यांचं पाणी थोडं वाढतं, पण हे आकडे ओलांडले तर तपासणी हवी. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, पायोमेट्रा, काही ग्रंथींचे आजार या सगळ्यांची सुरुवात बऱ्याचदा पाण्याच्या भांड्यापाशीच दिसते.

मूत्रपिंडाचं एक काम म्हणजे शरीरातलं पाणी वाचवून लघवी दाट करणं. ती दमली की लघवी पातळ आणि जास्त होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला जनावर पीत राहतं. इथे घरोघरी एक चूक होते. रात्री लघवी करतो म्हणून पाण्याचं भांडंच उचलून ठेवतात. असं कधीही करू नका. ते तहानेनं जास्त आजारी पडेल. आणखी एक. रक्तातलं क्रिएटिनिन बहुधा मूत्रपिंडांची तीन-चतुर्थांश ताकद गेल्यावरच वाढलेलं दिसतं. म्हणून नुसतं रक्त न तपासता लघवीही तपासायला सांगा. लघवी पातळ झालेली त्याआधी कळते. आजार लवकर सापडला तर फॉस्फरस कमी असलेला आहार, भरपूर पाणी, रक्तदाबावर आणि मळमळीवर औषध, एवढ्यावर मांजरं कित्येकदा वर्षानुवर्षं बरी राहतात.

दुसरी गोष्ट वजन. महिन्यातून एकदा मांजराला उचलून घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. चार किलोचं मांजर ४०० ग्रॅमनं उतरलं तर आपल्याला ते दिसतही नाही, केसांत झाकून जातं. पण ते साठ किलोच्या माणसाचं सहा किलो वजन जाण्यासारखं आहे. खाणं उत्तम आणि तरी मांजर वाळत चाललंय, असं असेल तर थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल किंवा मधुमेह असेल. दोन्हींवर उपचार आहेत. कुत्र्यांत बऱ्याचदा उलटं होतं. थायरॉइड मंदावतो, कुत्रा कमी खाऊनही जाड होतो, सुस्तावतो, केस विरळ होतात. रोज एका गोळीवर असे कुत्रे पुन्हा उत्साहानं फिरायला लागतात. आणि एक इशारा: लठ्ठ मांजरानं दोन दिवस अन्न टाकलं तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. उपाशी राहिल्यानं त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

तिसरी गोष्ट श्वास. जनावर गाढ झोपलं असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत आकडा ठीक. पुन्हापुन्हा तीसच्या वर जात असेल, विशेषतः छोट्या जातीचा म्हातारा कुत्रा रात्री खोकत असेल, तर हृदयाची झडप सैल झाली असण्याची शक्यता असते. हल्ली यावर चांगली औषधं आहेत. ज्यांच्या कुत्र्यांना हृदयविकार आहे, त्यांना मी हा आकडा रोज वहीत लिहायला सांगतो. फुप्फुसात पाणी साठू लागलं की त्याची पहिली खबर या आकड्यातूनच मिळते.

चौथी गोष्ट चाल. कुत्रा लंगडतो, ते दिसतं. मांजर क्वचितच लंगडतं, ते नुसतं उडी मारायचं सोडतं. आधी कपाटावर बसायचं, मग खुर्चीवर, मग जमिनीवरच. पाठीपर्यंत जीभ पोहोचत नाही म्हणून तिथले केस गुंततात. मातीच्या ट्रेची कड ओलांडताना दुखतं म्हणून ट्रेशेजारीच लघवी होते, आणि आपण त्याला रागावतो. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. त्यातल्या बहुतेकांच्या सांध्यांविषयी कुणाची तक्रारही नव्हती.

सांध्यांसाठी निम्मे उपाय घरातलेच आहेत. वजन आटोक्यात ठेवा. आपल्या गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात आणि तो उठायलाच घाबरतो. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका, नखं कापा, झोपायला जुनी गोधडी द्या. मांजराच्या ट्रेची एक कड कापून बुटकी करा आणि त्याच्या आवडत्या खिडकीखाली एक स्टूल ठेवा. फिरणं बंद करू नका, एका लांब फेरीच्या दोन छोट्या करा.

पण दुखतंय म्हणून घरातल्या डब्यातली गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवण्याची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. आपली आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यांच्या पोटात जखमा करतात, मूत्रपिंडं निकामी करतात. जनावरांसाठीची वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांनी वजन पाहून द्यायची.

दात आणि डोळेही पाहत जा. तोंडाचा घाण वास हा म्हातारपणाचा वास नाही. दातांवर किटण चढून हिरड्या सडल्याचा तो वास असतो. भूल देऊन दात साफ केले, हलणारे काढले, की 'खातच नाही' असं ज्याच्याविषयी सांगितलेलं असतं तो कुत्रा आठवड्यात भांडं चाटून पुसून ठेवतो. वयस्क कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर झाक येते, तो प्रत्येक वेळी मोतीबिंदू नसतो आणि त्याला बऱ्यापैकी दिसत असतं. मांजर मात्र अचानक भिंतीला धडकू लागलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, तर रक्तदाब वाढून डोळ्याचा पडदा सुटला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. रात्री उगाच ओरडणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, ओळखीच्या दाराशी गोंधळणं ही मेंदूच्या झिजेची लक्षणं असू शकतात. ठरलेल्या वेळा, रात्री मंद दिवा आणि औषधं यांनी हे पूर्ण थांबत नसलं तरी सुसह्य होतं.

सात-आठ वर्षांनंतर सहा महिन्यांतून एकदा तपासणी करून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर गाई-म्हशींच्या कामात गुंतलेले असतात, वेळ थोडा मिळतो. म्हणून पाण्याचा, वजनाचा, श्वासाचा आकडा लिहून न्या आणि चालीची मोबाइलवर चित्रफीत दाखवा. त्या पाच मिनिटांत मग बरंच काम होतं.

सगळं करूनही एक दिवस असा येतो की औषध पुरं पडत नाही. 'डॉक्टर, आता काय करू?' असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, त्याला आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी लिहून काढा. दाराशी स्वागताला येणं, उन्हात लोळणं, भाकरीचा तुकडा मागणं, काहीही. त्यातलं किती उरलंय ते पाहा. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झाले आणि वेदना थांबत नसेल, तर शांतपणे झोपवणं हाही उपचारच आहे. तो निर्णय घेणाऱ्यानं स्वतःला अपराधी मानू नये.

राणीनंतर आईनं कुत्रं आणलं नाही. पण एक बोका आपणहून येऊन राहिला. आई दर महिन्याच्या एक तारखेला त्याचं वजन करून कॅलेंडरवर लिहायची. तो अकरा-बारा वर्षांचा झाला असेल तेव्हा तिचा फोन आला. 'दोन महिन्यांत तीनशे ग्रॅम गेलंय रे त्याचं. वय झालं असेल का?' मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, 'आई, पाणी किती पितो?' दुसऱ्या दिवशी त्याला आणलं. मूत्रपिंडं दमू लागली होती, पण वेळेवर कळलं. त्यानंतर तो तीन वर्षं आईच्या पायाशी झोपला, आणि दर एक तारखेला मला त्याचं वजन फोनवर ऐकावं लागलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)