यीस्ट : जिवंत कीं मृत ?

गेल्या कांहीं वर्षांत पाव घरीं भाजण्याची हौस आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत चांगलीच रुजली आहे. पुणें-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोरसारख्या, भाकरी आणि गुळाशीं पिढ्यान्‌पिढ्यांचें नातें असलेल्या गांवींही आज अनेक घरांत ओव्हन आले आहेत आणि वाण्याच्या दुकानांत बेसनाशेजारीं यीस्टच्या पुड्या मिळूं लागल्या आहेत. परंतु पुडी घरांत आली म्हणून तिच्यांतील वस्तूची ओळख घरास पटली, असें मात्र नव्हे. पाव फुगला नाहीं कीं प्रथम पिठाला, मग ओव्हनला, आणि सरतेशेवटीं घरांतल्या सुनेच्या हाताला दोष दिला जातो. खरा अपराधी पुष्कळदां त्या पुडींतच निजल्या जागीं मरून पडलेला असतो, इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. एकत्र कुटुंबांत असले लहान अन्याय मोठीं दुखणीं होऊन बसतात. म्हणून या वस्तूची जोपासना आणि परीक्षा यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

यीस्ट हा शब्द परका असला तरी वस्तु परकी नाहीं. संस्कृतांत तिला 'किण्व' म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं किण्व कसें सिद्ध करावें हें सांगितलें आहे. आणि किण्वापासून जशी मदशक्ति उपजते तसें महाभूतांपासून चैतन्य उपजतें, असा दृष्टान्त लोकायतिकांच्या नांवावर प्रसिद्ध आहे. त्यांचें मत ग्राह्य असो वा नसो, चैतन्याच्या चर्चेंत त्यांना किण्वच आठवावें, ही मोठी मौजेची गोष्ट होय. कारण किण्व स्वतःच सजीव आहे, आणि आंबण्याची क्रिया हें त्या सजीवांचेंच कार्य आहे, ही गोष्ट फ्रान्समध्यें पाश्चर यानें १८५७ पासून पुढें केलेल्या प्रयोगांनीं प्रस्थापित झाली. या जीवाचें शास्त्रीय नांव 'सॅकरोमायसीस सेरेव्हिसिई' असें लांबलचक आहे. परंतु त्यांतील आरंभींचा 'सॅकर' म्हणजे ग्रीकांच्या घरीं जाऊन आलेली आमची शर्कराच होय.

आमच्या पणजोबांच्या पिढीस पाव वर्ज्य होता. गोव्याचे पोदेर माडाच्या सुरीनें पीठ फुगवीत. तसल्या पावास सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत थारा मिळणें शक्यच नव्हतें. पुण्यांत तर १८९० सालीं पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून केवढें ग्रामण्य माजलें, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही त्यांत कसें गोवलें गेलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ते वाद मागें पडले हें उत्तमच झालें. तथापि निषेध गेला म्हणजे ज्ञान आपोआप येतें, असें नाहीं.

यीस्ट ही सूक्ष्म, एकपेशीय अशी एक बुरशी आहे. ओलावा, ऊब आणि साखर मिळाली कीं ती जागी होते, साखर खाते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायु सोडते. तो वायु कणकेच्या चिवट जाळ्यांत कोंडला जातो व कणीक फुगते. कारखान्यांत यीस्ट वाढवितात तें बहुधा साखरेच्या मळीवर. तेव्हां आमच्या हवेली तालुक्यांतील उसाचें आणि पावाचें नातें वाटतें तितकें दूरचें नाहीं. पुरेशी वाढ झाल्यावर तिच्यांतील पाणी काढून तिला जणुं निजवितात. घरच्या विरजणाशीं ताडून पाहिलें म्हणजे भेद लक्षांत येतो. विरजणास वरचेवर नवें दूध मिळतें, म्हणून तें जिवंत राहतें. पुडींतल्या यीस्टला कोण जेवूं घालणार ? म्हणून तिची जोपासना करणें म्हणजे तिची झोंप मोडूं न देणें, एवढेंच होय. ही झोंप मोडणारे शत्रु तीन : ऊब, ओलावा आणि हवा.

बाजारांत यीस्ट मुख्यतः दोन रूपांत मिळतें. पहिलें ओलें, वडीच्या स्वरूपाचें. यांत सुमारें सत्तर टक्के पाणी असतें. तें फ्रिजांत चार अंशांच्या आसपास ठेवावें आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावें. दुसरें कोरडें. दाणेदार कोरडें यीस्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत सैन्याच्या सोयीसाठीं पुढें आलें, आणि थेट पिठांत मिसळतां येणारें बारीक 'इन्स्टंट' यीस्ट १९७० नंतरच्या दशकांत. घरगुती उपयोगास हें कोरडेंच सोयीचें. न फोडलेली पुडी थंड व कोरड्या जागीं तिच्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत सहसा टिकते. परंतु आमच्या लोणीकडील वैशाखांत पारा चाळिसाच्या घरांत जातो आणि श्रावणांत हवा दमट होते. अशा वेळीं शेगडीच्या वरच्या फळीस थंड व कोरडी जागा म्हणणें धाडसाचें होईल. पुडी फोडल्यावर उरलेलें यीस्ट घट्ट झांकणाच्या लहान काचेच्या बरणींत भरावें, बरणीवर फोडल्याची तारीख लिहावी, आणि ती फ्रिजांत ठेवावी. तेथें तें सुमारें चार महिने व फ्रीझरमध्यें सुमारें सहा महिने चांगलें राहतें. लागेल तेवढें कोरड्या चमच्यानें काढून बरणी तत्काळ आंत ठेवावी. ती बाहेर उघडी राहिली तर गार दाण्यांवर हवेंतील बाष्प जमतें आणि तोच ओलावा पुढें घात करतो. सुट्या पुडींतलें, तारीख नसलेलें यीस्ट स्वस्त मिळालें तरी घेऊं नये.

आतां परीक्षा. ओलें यीस्ट बिघडलें तर डोळ्यांस व नाकास कळतें. चांगली वडी फिकट, मऊ पण ठिसूळ असते व तिला सौम्य आंबूस वास असतो. ती तपकिरी पडली, चिकट झाली, दुर्गंधि सुटली किंवा तिच्यावर रंगीत बुरशी आली, तर ती निःशंकपणें टाकून द्यावी. कोरड्या यीस्टची गोष्ट निराळी. गुठळ्या झाल्या असतील तर ओलावा शिरला हें समजतें. परंतु पुष्कळदां मेलेले दाणे जिवंत दाण्यांसारखेच दिसतात. तेथें नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाहीं.

यास उपाय सोपा आहे. अर्धी वाटी कोमट पाणी घ्यावें. तें मनगटावर टाकलें असतां ऊबदार लागावें, चटका बसूं नये. उष्णतामापक असेल तर चाळीस अंश पुरेत. त्यांत एक लहान चमचा साखर विरघळवून एक लहान चमचा यीस्ट घालावें आणि दहा मिनिटें हात लावूं नये. वर दाट फेस चढला व आंबूस वास आला, तर यीस्ट जिवंत आहे. दोन-चार बुडबुडेच दिसले तर तें क्षीण झालें आहे. अशा यीस्टवर पाहुण्यांसाठींचा पाव सोंपवूं नये. कांहींच हालचाल नसेल तर तें गेलें असें समजावें. मात्र या परीक्षेंत कढत पाणी घालूं नये, कारण साठ अंशांच्या उष्णतेंत धडधाकट यीस्टही मरतें आणि निकाल खोटा लागतो. पाण्यांत मीठही घालूं नये. त्याची जागा नंतर, पिठांत. फेस आलेलें पाणी फुकट जात नाहीं. तेंच कणकेंत घालावें, आणि तेवढें पाणी व साखर मापांतून वजा करावी.

नुसतें निर्जीव झालेलें कोरडें यीस्ट विषारी नसतें. पोटांत गेलें तरी अपाय नाहीं. अपाय होतो तो अर्धा किलो पिठाचा, दोन-तीन तासांच्या श्रमांचा, आणि त्याहून अधिक, करणारीच्या उत्साहाचा. पिठाची किंमत मोजतां येते, उत्साहाची मोजतां येत नाहीं. म्हणून पाव खालीं बसलेला दिसला, तर सुनेस कांहीं विचारण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं एक वाटी कोमट पाणी घेऊन त्या पुडीसच विचारावें. ती दहा मिनिटांत खरें उत्तर देते.