जुना पीसी भंगारात काढण्याआधी

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये चलन, कोटेशन काढणारा पीसी विंडोज १०वर असेल, तर त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल लागतं, ते जुन्या मशीनमध्ये नसलं, तरी लिनक्स चालतं. लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या, हार्डडिस्कला हात न लावता त्यावरूनच पीसी सुरू करा. प्रिंटर ओळखतो का, लिब्रेऑफिसमध्ये एक्सेलच्या फायली नीट उघडतात का, हे तिथेच कळतं. मराठीची काळजी नको: मुक्त ‘लोहित’ फॉन्ट तर पुण्यातल्याच रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळला. खरी अडचण टॅली आणि सॉलिडवर्क्सची, दोन्ही विंडोजसाठी बनलेली. ज्या टेबलावर ती लागतात, तिथे विंडोजच राहू द्या. बाकी ऑफिसला आणि घरी मुलांच्या अभ्यासाला लिनक्स पुरेसं आहे. बदलण्याआधी बॅकअप मात्र घ्याच.