लक्ष्मीबाईंचे स्त्रीधन

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज हे गाव आपल्या समाजाला नवे नाही. जवळच्या बाहुबली क्षेत्राच्या दर्शनासाठी महाराष्ट्र व कर्नाटकातील कुटुंबे वर्षानुवर्षे तेथे जात आली आहेत. याच कुंभोजमध्ये २२ सप्टेंबर १८८७ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला आणि त्यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई याही याच गावच्या पाटील घराण्यातील कन्या. कर्मवीरांचे चरित्र घरोघरी पोहोचले. लक्ष्मीबाईंची आठवण मात्र एका मंगळसूत्रापुरतीच काढली जाते. त्यांचे कार्य त्याहून फार मोठे होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य केंद्र साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची गरीब मुले एका छताखाली राहू लागली व एका पंक्तीत जेवू लागली. त्या काळी हे धाडस होते. लोकनिंदेचा भार भाऊरावांनी बाहेर वाहिला. पण ही पंक्ती प्रत्यक्षात रोज मांडली जात होती ती स्वयंपाकघरात. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या, दर्शन व उपवासाचे नियम पाळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ती मुले आपली मानली. स्वतःची श्रद्धा त्यांनी सोडली नाही. तिच्यापायी कोणाच्या मुलाला दूरही लोटले नाही.

भाऊराव मदतीसाठी गावोगाव फिरत असत. मागे मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर असे. धान्य संपले, उधारी थकली, की माहेरहून आलेला एकेक दागिना बाहेर पडे. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीत दाणा उरला नाही आणि अंगावर मंगळसूत्राखेरीज सोने नव्हते. लक्ष्मीबाईंनी तेही काढून दिले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. पती हयात असताना गळा मोकळा ठेवणे म्हणजे केवढा अपशकुन, हे त्या पिढीतील स्त्रीला कोणी सांगावे लागत नव्हते. तरीही त्यांनी उपाशी मुलांचा विचार आधी केला.

व्यापारी घरांना या घटनेचा आणखी एक अर्थ सहज उमगावा. स्त्रीधनावर मालकी स्त्रीचीच असते, पतीची नसते. हे सोने दिल्याशिवाय इलाज नाही, असे लक्ष्मीबाईंना कोणताही कायदा सांगत नव्हता. म्हणून ते पतीच्या कार्यातील साहाय्य एवढेच नव्हे, तर त्यांचे स्वतंत्र दान ठरते. शिवाय ते अडचणीच्या काळातले भांडवल होते. संस्था नावारूपाला आल्यावर देणगीदार पुष्कळ मिळतात. परतफेडीची कसलीच शाश्वती नसताना जो पैसा घालतो, त्याच्यामुळे पेढी तग धरते. आपल्या धर्मात आहार, औषध, ज्ञान व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. लक्ष्मीबाईंच्या चुलीवर त्यांतील पहिले आणि तिसरे दान एकाच वेळी घडत होते.

फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. पुढे तीनच वर्षांनी, १९३० मध्ये, लक्ष्मीबाईंचे निधन झाले. १९४७ मध्ये साताऱ्यात उभे राहिलेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय, गावोगावच्या शाळा, १९५९ मध्ये कर्मवीरांना मिळालेला पद्मभूषण किताब, यांपैकी काहीही त्यांना पाहता आले नाही. आज सोलापुरात संस्थेचे महिला महाविद्यालय लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते, ही समाधानाची गोष्ट होय.

आपल्या धर्मशाळा, पाठशाळा व वसतिगृहांच्या भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या असतात. बहुतेक पाट्यांवर नावे शेठजींची असतात. त्या रकमांमागे एखाद्या सूनबाईंच्या पाटल्या, एखाद्या आजीची मोहनमाळ असेल, तर त्याची नोंद कोठे आहे? घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती विचारून घ्यावी, वहीत लिहून ठेवावी आणि पुढील पाटी लावताना ते नाव आधी कोरावे. लक्ष्मीबाईंचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येणार नाही.