संगणकातील कालमापन, निद्रावस्थेतील

संगणकाचे बहुतेक भाग वीजपुरवठ्यापासून तोडून केवळ स्मृतीतील मजकूर टिकवून ठेवण्याच्या स्थितीस संगणकाची निद्रावस्था म्हणतात. या स्थितीत परिचालन प्रणालीचे, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीचे, काम थांबलेले असते व त्याबरोबर तिचे घड्याळही थांबते. निजलेल्या माणसाप्रमाणेच जागृतीनंतर तिला भिंतीवरील घड्याळ पाहूनच मधला काळ किती गेला ते ठरवावे लागते.

जागृतावस्थेत काल मोजण्याचे काम प्रोसेसरशी निगडित असलेला शीघ्र गणक करतो. इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये (१९९३) असा गणक अंतर्भूत होता. त्याचे स्पंद मोजून परिचालन प्रणाली सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापर्यंत वेळ सांगू शकते. युनिक्स वर्गातील प्रणाली ही वेळ १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून लोटलेल्या सेकंदांत ठेवतात. गाढ निद्रेत मात्र हा गणक थांबतो किंवा शून्यावर जातो. त्या काळात चालू राहते ते दुसरे, लहानशा विद्युत् घटावर चालणारे घड्याळ. १९८१ सालच्या मूळ आयबीएम वैयक्तिक संगणकात ते नव्हते. संगणक सुरू करताना दिनांक व वेळ वापरणाऱ्यालाच भरावी लागे. १९८४ च्या ‘एटी’ संगणकात मोटोरोला कंपनीचे एमसी १४६८१८ हे संकलित मंडल बसविण्यात आले आणि त्याचीच रचना पुढील संगणकांत बव्हंशी कायम राहिली.

या घड्याळात नादकाट्याच्या आकाराचा क्वॉर्ट्‌झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ आंदोलने करतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली असता बरोबर एक उरते, म्हणून ती निवडलेली आहे. स्फटिकाची कंप्रता तापमानानुसार बदलते. साधारण २५° से. ला ती कमाल असते आणि त्याहून तापमान वाढो वा घटो, घड्याळ मागेच पडते, ४५° से. ला ही घट दिवसाला सु. १·२ सेकंद भरते. हे स्फटिक अतिशय काटकसरीने वीज वापरत असल्यामुळे घट वर्षानुवर्षे पुरतो. मात्र अचूकतेच्या दृष्टीने हे घड्याळ मनगटी घड्याळाच्या तोडीचेच असते.

निद्रेपूर्वी परिचालन प्रणाली या घड्याळातील वेळ टिपून ठेवते, जागृतीनंतर ती पुन्हा वाचते आणि दोहोंतील फरक स्वतःच्या वेळेत मिळविते. कृती सोपी दिसते. परंतु वाचन पूर्ण सेकंदांतच होत असल्याने प्रत्येक निद्रेगणिक जवळजवळ एक सेकंदापर्यंत चूक संभवते. दिवसातून एकदा निजणाऱ्या संगणकाला ती क्षम्य आहे. दिवसभर वारंवार डुलक्या घेणाऱ्या यंत्रात मात्र या चुका साचत जातात. यावर लिनक्स प्रणालीत योजलेला उपाय मार्मिक आहे. प्रत्येक निद्रेपूर्वी प्रणालीची वेळ व घड्याळाची वेळ यांतील अंतर काढले जाते. हे अंतर मागील वेळेपेक्षा दोन सेकंदांहून कमी सरकलेले असेल, तर तो फरक वाचनाच्या स्थूलपणामुळे आला असे मानून त्याची वजावट केली जाते. अंतर त्याहून अधिक बदललेले असेल, तर वेळ मुद्दाम बदलण्यात आली असे समजून नवे अंतर स्वीकारले जाते.

याहून बिकट प्रश्न निद्रेचा काळ हिशेबात धरावा की नाही, हा आहे. उत्तराची तीस सेकंद वाट पाहणारी आज्ञावली आठ तासांच्या निद्रेनंतर जागी झाली आणि तो सर्व काळ तिच्या खाती मांडला गेला, तर मुदत टळली असे समजून ती काम सोडून देईल. वास्तविक तिला वाट पाहण्याची संधी मिळालेलीच नसते. याउलट, एक तासाच्या मुदतीने दिलेला परवाना निद्रेमुळे लांबता कामा नये. म्हणून प्रणालींना दोन स्वतंत्र गणना ठेवाव्या लागतात. लिनक्सच्या २.६.३९ आवृत्तीत (२०११) निद्राकाळासह चालणारी गणना जुन्या, निद्रेत थांबणाऱ्या गणनेच्या जोडीला आली. ॲपलच्या संगणकांत तशी सोय २०१६ मध्ये झाली. उलट विंडोज ७ मध्ये (२००९) निद्राकाळ वगळणारी गणना उपलब्ध करून देण्यात आली. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१७ आवृत्तीसाठी दोन्ही गणना एकच करण्याचा प्रयत्न झाला. तथापि संगणक जागा होताच देखरेख करणाऱ्या आज्ञावल्या धडधाकट सेवांना मुदतबाह्य ठरवून बंद करू लागल्या आणि आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, तो बदल मागे घेण्यात आला.

घटावरील घड्याळाला कालविभाग ठाऊक नसतो. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवते, तर युनिक्स वर्गातील प्रणाली सामान्यतः सार्वत्रिक वेळ ठेवतात. एकाच संगणकावर दोन्ही असल्यास भारतात त्यांच्यात साडेपाच तासांचे अंतर पडते. स्मृतीतील मजकूर चकतीवर उतरवून घेतल्या जाणाऱ्या दीर्घनिद्रेत एक प्रणाली निजलेली असताना दुसरी चालू केली आणि तिने घड्याळ आपल्या पद्धतीने लावले, तर पहिली जागी होताच आपण साडेपाच तास अधिक झोपलो असा हिशेब करते. उलट बाजूने चूक होऊन काळ ऋण आला, तर लिनक्स तो अग्राह्य मानते आणि वेळ निद्रेपूर्वी होती तेथूनच पुढे चालवते. अशा संगणकाचे घड्याळ जाळ्यातील कालसेवेशी पुन्हा संपर्क होईपर्यंत मागेच राहते.