निळे औषध फवारा, पण जपून!

पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडून गेल्या की गच्चीवरच्या गुलाबाला छान पालवी फुटते आणि काही दिवसांतच त्या हिरव्यागार पानांवर काळे ठिपके उमटू लागतात. पाने पिवळी पडतात, गळतात, झाडाचा पार खराटा होतो. मग नर्सरी गाठली जाते. नर्सरीवाला एक पुडी हातात ठेवतो, ‘‘हे निळे औषध मारा ताई, सगळे ठीक होईल.’’ घरी आल्यावर ‘दोन चमचे पुरतील का? चार टाकू या, लवकर गुण येईल’ असा हिशेब होतो. आठ दिवसांनी पानांच्या कडा करपलेल्या दिसतात आणि दोष नर्सरीवाल्याला दिला जातो.

हे निळे औषध म्हणजे तांबे. तांब्याची बुरशीनाशके जुनी आणि भरवशाची आहेत. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटेवरच्या द्राक्षांना येणाऱ्याजाणाऱ्यांनी हात लावू नये म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्यांनी या मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. तेच आपले बोर्डो मिश्रण. कोकणातल्या सुपारीच्या बागांत पावसाळ्याच्या तोंडावर आजही ते फवारले जाते.

आधी रोग ओळखा

तांबे हे ढालीसारखे काम करते. पानावर त्याचा पातळ थर असेल तर तिथे पडलेला बुरशीचा बीजाणू रुजत नाही. पण बुरशी एकदा पानाच्या आत शिरली की तांब्याचा उपाय चालत नाही, पडलेले ठिपके पुसले जात नाहीत. म्हणून रोगट पाने आधी तोडून पिशवीत भरून टाकून द्यावीत आणि मग उरलेल्या निरोगी पानांवर, खालूनवरून, फवारा द्यावा.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो, तो कीटक आहे. त्यावर निळे औषध मारणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला मलम लावणे. पानांवर पांढरी भुकटी पसरली असेल तर ती भुरी. तिच्यासाठी गंधकाचे औषध चांगले. आणि कुंडीत पाणी साचून पाने पिवळी पडली असतील तर कुठल्याच औषधाची गरज नाही, तळाचे भोक मोकळे करावे.

बाजारात मिळणारी ५० टक्के कॉपर ऑक्सिक्लोराइडची भुकटी साधारणपणे लिटरला २.५ ते ३ ग्रॅम लागते. तरी पुड्यावर छापलेले प्रमाणच खरे मानावे. चमच्याचा अंदाज फसवतो. छोटा काटा फक्त या कामासाठी वेगळा ठेवावा. नाजूक पालवीवर आधी दोनतीन पानांवर फवारून चारपाच दिवस वाट पाहावी. गुलाबाची कोवळी पाने तर फारच हळवी. थंड, ओलसर हवेत औषध लवकर वाळले नाही तर त्यांच्यावर जांभळट डाग पडतात. म्हणून संध्याकाळपेक्षा उघडीप असलेल्या दिवसाची सकाळ बरी. भर उन्हातही फवारू नये.

मिश्रण घरी करताना

बोर्डो मिश्रण घरीही होते. एक लिटरसाठी १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून, गाळून, मोरचुदाचे पाणी हळूहळू चुन्याच्या निवळीत ओतत ढवळावे. कळीच्या चुन्यावर पाणी पडताच तो उकळतो, शिंतोडे उडतात. मुलांना जवळ येऊ देऊ नये. लोखंडी बादली तर मुळीच नको. मिश्रणात घासलेला खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी निवळी घालावी. नाहीतर पाने जळलीच म्हणून समजा. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचे असते.

गुलाबाची छाटणी केल्यावर किंवा अंगणातल्या झाडाची फांदी कापल्यावर मात्र फवारा नको, मलम हवे. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात करून ते ब्रशने कापल्या जागी लावतात.

फवारणारा आणि घरातली मुले

फवारणीचे काम बहुतेक घरांत माळीबुवांच्या किंवा कामवाल्या मुलाच्या गळ्यात पडते, तेही उघड्या हातांनी. औषध आपण आणले, तर हातमोजे, चश्मा आणि तोंडाला फडके देणेही आपलेच काम. मोरचूद डोळ्यात गेले तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने धुवून डॉक्टरांकडे जावे. बंद खोलीत फवारू नये, कुंडी बाहेर न्यावी. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे कपडे वाळत आहेत का, तेही आधी डोकावून पाहावे, नाहीतर डागांवरून जन्माचे वैर!

मोरचुदाचे निळे खडे मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात. ते किंवा कालवलेले औषध सरबताच्या बाटलीत, लोणच्याच्या बरणीत कधीही ठेवू नये. कुलपातच ठेवावे. चुकून पोटात गेले तर उलटी करवण्याच्या फंदात न पडता पुडा बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठावे. मूत्रपिंड आणि यकृतावर त्याचा परिणाम होतो, त्यामुळे ‘थोडेसेच तर गेले’ म्हणून थांबू नये.

तुळस आणि कढीपत्ता शोभेच्या झाडांशेजारीच असतात. फवारताना ते बाजूला उचलून ठेवावेत. कमळाच्या टाकीत मासे असतील तर ती झाकावी. तांब्याचा थोडा अंशही माशांना मारतो. तांबे मातीत कुजत नाही, साठत जाते, आणि मग गांडुळे नाहीशी होतात. त्यामुळे दर आठवड्याला सवयीने फवारण्याऐवजी पावसाळी दिवसांत लागेल तेव्हाच, १०-१५ दिवसांच्या अंतराने फवारावे. उरलेले पाणी मोरीत न ओतता त्याच झाडांवर संपवावे. पंप धुतलेले पाणी विहीर आणि टाकीपासून दूर, जिथे भाजी लावलेली नाही अशा जमिनीत जिरवावे.