समुद्राखालची नोकरी: परदेशात राहून स्कूबा डाइव्हर म्हणून काम करायचं म्हणजे नेमकं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना काही गणितं घाईत उरकली होती, ती इथे जरा नीट मांडली आहेत.

थायलंडच्या कोह ताओ बेटावर काही महिने राहून मी डाइव्हमास्टर झाले, हे सांगितल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "नोकरी सोडून असं काही करता येतं का?" विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच. इंजिनिअरिंग झालेलं, आयटीत चार-पाच वर्षं काढलेली, घरी लग्नाचा विषय सुरू. उत्तर "हो, येतं" असंच आहे. पण राजीनामा टाइप करण्याआधी हे काम काय असतं ते समजून घ्या. कारण फोटोत दिसणारं कासव हा त्या कामाचा फारच लहान भाग आहे. बाकीचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या टाकीतली हवा मोजणं.

आधी जागेबद्दल. कोह ताओ हे थायलंडच्या आखातातलं जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट. "ताओ" म्हणजे कासव. विमानतळ नाही, चुंफोनहून किंवा शेजारच्या कोह समुईहून बोटीने यायचं. पाणी वर्षभर कोमट, किनाऱ्याजवळ उथळ आणि बऱ्यापैकी शांत, त्यामुळे नवशिक्यांना शिकवायला उत्तम. म्हणून एवढ्याशा बेटावर डाइव्हिंगच्या शाळांची गर्दी आहे. गर्दीमुळे कोर्स स्वस्त, आणि कोर्स स्वस्त म्हणून शिकवणाऱ्याच्या हातात कमी. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पैशांकडे येताना लागतील.

शिकण्याच्या पायऱ्या साधारण सगळीकडे सारख्या. पॅडी ही 1966 साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था सगळ्यात जास्त दिसते, मी तिचाच क्रम सांगते. ओपन वॉटर म्हणजे 18 मीटरपर्यंत, ॲडव्हान्स्ड म्हणजे 30 मीटरपर्यंत, मग रेस्क्यू. त्यानंतर डाइव्हमास्टर, म्हणजे धंद्यातली पहिली पायरी. तो कोर्स सुरू करायला 40 डाइव्ह नोंदलेल्या लागतात आणि पूर्ण व्हायला 60. इन्स्ट्रक्टर व्हायला 100. डाइव्हमास्टरला पोहण्याच्या परीक्षाही असतात. 400 मीटर न थांबता पोहणं, पंधरा मिनिटं जागच्या जागी तरंगणं आणि त्यातली शेवटची दोन मिनिटं हात पाण्याबाहेर. सगळ्यात मजेशीर परीक्षा म्हणजे दोघांनी पाण्याखाली एकाच रेग्युलेटरमधून आळीपाळीने श्वास घेत आपापलं सगळं सामान एकमेकांशी बदलायचं. आमच्या वेळी बघणाऱ्यांना हसू आवरत नव्हतं. पण समोरचा माणूस घाबरतो तेव्हा आपलं डोकं ठिकाणावर राहतं का, एवढंच त्यातून बघायचं असतं.

आता हवेचं गणित. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अख्खी नोकरी यात आहे.

नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत साधारण 11 लिटर जागा असते आणि हवा भरतात 200 बार दाबाने. म्हणजे आत जवळपास 2200 लिटर हवा. निवांत माणूस मिनिटाला 20 लिटर वापरतो असं धरू. जमिनीवर ही टाकी 110 मिनिटं पुरेल. पण समुद्रात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. 20 मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासात तिप्पट हवा जाते आणि मिनिटाला 60 लिटर लागतात. त्यात 50 बार राखीव ठेवूनच वर यायचं असतं, म्हणजे वापरायला उरले 1650 लिटर. भागाकार करा, 27 मिनिटं. आता तुमच्या गटात पहिल्यांदाच समुद्रात उतरलेला, धास्तावलेला एक जण आहे. तो मिनिटाला 30 लिटर ओढतो. त्याची 18 मिनिटंच. डाइव्ह संपते ती त्याच्या टाकीवर, तुमच्या नाही.

म्हणून डाइव्हमास्टर माशांकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघतो. कुणाचे बुडबुडे दाट येताहेत, कोण हाताने पाणी कापतंय, कोण सारखं मास्कला हात लावतंय. दर थोड्या वेळाने खुणेने हवा विचारायची आणि चौघांचे आकडे डोक्यात ठेवायचे. पाण्याखाली बोलता येत नाही. आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने जातो, त्यामुळे टाकीवर टकटक केलं तरी ती कुठून आली ते कळत नाही. सर्व्हरचे आकडे बघत रात्रपाळी केलेल्यांना हे काम ओळखीचं वाटेल, फक्त इथे रीस्टार्ट नसतो.

आणि घाबरलेल्या माणसाला वर पळू द्यायचं नसतं, ते का? याचंही गणित आहे. 30 मीटरवरून 20 वर आलात तर दाब चारावरून तीनवर येतो, छातीतली हवा एक तृतीयांशाने फुगते. पण 10 मीटरवरून पृष्ठभागावर आलात तर दोनावरून एक, म्हणजे हवा थेट दुप्पट. श्वास रोखून वर आलात तर ती दुप्पट हवा फुफ्फुसात मावणार कुठे? नवशिक्यांना वाटतं खोल गेलं की धोका. प्रत्यक्षात हवा सगळ्यात झपाट्याने फुगते ती शेवटच्या दहा मीटरमध्ये. "श्वास कधीही रोखू नका" हा पहिल्या दिवशीचा पहिला नियम त्यासाठीच आहे.

मी इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली मदतीला असताना 12 मीटरवर एका धिप्पाड गृहस्थांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. डोळे विस्फारले, दोन्ही पाय मारत त्यांनी वरची दिशा धरली. मी त्यांचं जॅकेट पकडलं, समोर तोंड आणलं, आणि हाताने हळूहळू श्वास सोडण्याची खूण करत राहिले. माझ्या दुप्पट वजनाचा माणूस. ताकदीने मी त्यांना धरूच शकले नसते. चार-पाच श्वासांनंतर ते माझ्या लयीत आले, मग इन्स्ट्रक्टरने आम्हाला दोघांना सावकाश वर नेलं. बोटीवर आल्यावर ते एकच वाक्य बोलले, "माझ्या बायकोला सांगू नका." बायको दुसऱ्या बोटीवर होती. असो.

नायट्रोजनचं थोडक्यात सांगते. दाबाखाली तो रक्तात आणि स्नायूंत विरघळतो, सोड्याच्या बाटलीतल्या वायूसारखा. बाटलीचं झाकण हळू उघडलं तर फसफसत नाही, तसं सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये याची पहिली कोष्टकं मांडली. आज मनगटावरचा कॉम्प्युटर तेच काम करतो. शेवटी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि सलग डाइव्ह केल्या असतील तर निदान 18 तास विमानात बसायचं नाही. इथे फिरस्त्यांसाठी एक कामाची गोष्ट: शेवटच्या दिवशी डाइव्ह केलीच, तर बोटीने चुंफोन आणि तिथून रात्रीची रेल्वे धरून बँकॉक. रेल्वे जवळपास समुद्रसपाटीनेच जाते.

पाहुणा दोन डाइव्ह करून हॉटेलवर जातो. काम करणारा दिवसाला तीन-चार, तेही रोज. शिवाय प्रत्येकी पंधरा किलोच्या वरच्या टाक्या बोटीवर चढवायच्या, उतरवायच्या, सामान धुवायचं. सगळ्यात आधी कुरकुरतात ते कान. सतत ओले राहून कानाच्या बाहेरच्या नळीत जंतुसंसर्ग होतो, आणि सर्दी झाली तर कानातला दाब जुळवता येत नाही. म्हणजे साध्या पडशाने तुमचा आठवडा बिनपगारी. आयटीत सर्दी झाली की घरून काम करतो आपण.

बोटीवरचं आणखी एक काम दिसायला अगदी क्षुल्लक: डोकी मोजणं. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन जोडपं पाण्यात असतानाच बोट निघून गेली. मोजणी चुकली होती. ते हरवल्याचं दोन दिवसांनी, बोटीवर त्यांची बॅग सापडली तेव्हा लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिथले मोजणीचे नियम कडक झाले. मला कुणी विचारलं की डाइव्हमास्टरची सगळ्यात मोठी जबाबदारी कोणती, तर मी बचावाच्या थरारक गोष्टी सांगत नाही. निघताना चौदा, परतताना चौदा.

आता पैसा आणि कायदा, म्हणजे ज्याबद्दल व्हिडिओ बनत नाहीत तो भाग.

डाइव्हमास्टरचं प्रशिक्षण घेताना तुम्हीच पैसे भरता. माझा कोर्स, पुस्तकं, मेंबरशिप, स्वतःचा कॉम्प्युटर आणि मास्क-फिन्स धरून, राहणं-खाणं सोडून, खर्च लाखाच्या वर गेला. त्या बदल्यात शिकायला मिळतं आणि शाळेला बिनपगारी मदतनीस मिळतो. काही शाळा खरंच शिकवतात, काही फक्त टाक्या उचलून घेतात. फी भरण्याआधी तिथे सध्या शिकणाऱ्या दोघांशी, मालक आसपास नसताना, बोलून घ्या. पुढे इन्स्ट्रक्टर झालात तरी बहुतेक ठिकाणी ठरलेला पगार नसतो, दर विद्यार्थ्यामागे कमिशन असतं. आखाताच्या बाजूला नोव्हेंबरच्या सुमारास पाऊस-वादळ असतं, विद्यार्थी कमी, कमिशन कमी. शिवाय दरवर्षी मेंबरशिपचं नूतनीकरण आणि विमा स्वतःच्या खिशातून. इंग्रजीबरोबर चिनी, जर्मन, फ्रेंच येत असेल तर काम लवकर मिळतं. मराठी-हिंदीवाल्यांना भारतीय पाहुण्यांच्या गटांमुळे अलीकडे मागणी आहे, हे मी तिथे स्वतः पाहिलं.

आणि टुरिस्ट म्हणून गेलात तर थायलंडमध्ये काम करता येत नाही. वर्क परमिट लागतं, आणि "मी पैसे घेत नाही, नुसती मदत करते" ही सबब चालत नाही. पकडलं तर दंड आणि हकालपट्टी. परमिट द्यायचं तर मालकाला साधारणपणे एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात, त्यामुळे लहान शाळा टाळाटाळ करतात. "सगळे असंच करतात" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. पण अपघात झाला की पहिला प्रश्न परमिटचा येतो, आणि तेव्हा ते "सगळे" तुमच्या बाजूने उभे राहत नाहीत.

आयटीवाल्यांसाठी यातून एक वाट निघते. थायलंडने 2024 मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला. पाच वर्षांचा, एका वेळी 180 दिवस राहता येतं, 5 लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवरून करणाऱ्यांसाठी तो आहे. त्यावर तिथल्या शाळेत नोकरी करता येत नाही, पण दुपारी भारताचं काम आणि सकाळी स्वतःच्या डाइव्ह असं जगता येतं. माझ्या मते, ज्यांना समुद्र हवा आहे पण कमिशनचा भरवसा नको, त्यांनी हेच करावं.

खरीखुरी कायदेशीर नोकरीच करायची असेल तर ऑस्ट्रेलियाकडे बघा. तिथला 462 क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा 2024 पासून भारतीयांना खुला झालाय. वय 18 ते 30, वर्षाला 1000 जागा, सोडत पद्धतीने. नाव निघालं तर केर्न्ससारख्या गावात रीतसर पगारावर बोटीवर काम करता येतं. तिशी जवळ आली असेल तर विचार करण्यात वर्ष घालवू नका.

मालवणबद्दल बरेच जण विचारतात. तिथे समुद्रात उतरलात ती बहुधा ट्राय डाइव्ह होती. कुणीतरी तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवून आणतं, त्यातून लायसन्स मिळत नाही. पण तारकर्लीला एमटीडीसीची 'इसदा' ही प्रशिक्षण संस्था आहे, मुरुडेश्वरजवळ नेत्राणी आहे, अंदमानात स्वराज द्वीप आहे. ओपन वॉटर इथेच करा. वीसेक डाइव्ह होऊ द्या, त्यात एखादी खराब पाण्यातली, मळमळ होणारी असू द्या. त्यानंतरही टाक्या उचलाव्याशा वाटल्या तर तिकीट काढा. आणि विमा वाचून घ्या. प्रवासाच्या अनेक पॉलिसींमध्ये स्कूबा वगळलेलं असतं, आणि दाबकक्षातले उपचार प्रचंड महाग असतात.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा: "मला नीट पोहता येत नाही, मग?" ओपन वॉटरसाठी 200 मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. 25 मीटरचा तलाव असेल तर आठ वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. वेळेची अट नाही, कुठल्या पद्धतीने पोहायचं याचीही नाही. ताई, जवळच्या तलावावर सकाळची बॅच लावा, उन्हाळ्याच्या आत जमून जाईल.